पोटांतील बिऱ्हाडकरू आणि त्यांचा शिधा

भाताची कापणी होऊन खाचरें मोकळीं झालीं कीं कर्जत-खालापूरकडचा शेतकरी त्याच ओलीवर वाल पेरतो. या पिकास पाणी द्यावें लागत नाहीं. जमिनींत उरलेल्या ओलाव्यावर आणि दंवावर तें वाढतें. शेंगा भरल्या म्हणजे मडक्यांत भांबुर्ड्याचा पाला घालून त्या भाजतात, ती पोपटी. वाळलेला वाल डब्यांत पडला म्हणजे मग वर्षभर घरोघर डाळिंब्यांची उसळ. आणि उसळीबरोबर येणारी तक्रारहि ठरलेलीच: वाल वातूळ, पोटांत वायु धरतो. म्हणून तर फोडणींत हिंग-ओवा आणि शेवटीं आमसूल घालण्याचा परिपाठ आहे. प्रस्तुत लेखाचा विषय हा वायुच आहे असें म्हटल्यास वाचक हंसतील. परंतु मनुष्य लठ्ठ कां होतो, या प्रश्नाचा गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जो नवा विचार झाला, त्याचा एक धागा या वायूपर्यंत येऊन पोंचतो, ही गोष्ट खरी आहे.

वाल, हरभरा, चवळी, कुळीथ या द्विदल धान्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज इत्यादि नांवांच्या कांहीं शर्करा असतात. त्यांचे दुवे तोडणारा पाचक रस मनुष्याच्या लहान आंतड्यांत मुळांतच नाहीं. कांद्या-लसणांतील इन्युलिन, कच्च्या केळ्यांतील पिठुळ भाग, धान्याच्या कोंड्यांतील कित्येक तंतु यांचीहि हीच गत. हें सर्व अन्न न पचतां मोठ्या आंतड्यांत उतरतें, आणि तेथें त्याची वाट पाहणारे दुसरेच भोक्ते बसलेले असतात. मनुष्याच्या शरीरांत सुमारें ३८ लक्ष कोटि सूक्ष्म जंतु राहतात व त्यांतील बहुतेक सर्व मोठ्या आंतड्यांत. शरीराच्या स्वतःच्या पेशींहून जंतु दसपट आहेत असें पूर्वी छापलें जात असे. २०१६ सालीं इस्रायलमधील वाइझमन संस्थेंतील संशोधकांनीं हिशेब पुन्हां मांडला, तेव्हां दोन्ही संख्या जवळजवळ सारख्या भरल्या. सर्वांचें मिळून वजन दोनशें ग्रॅमच्या आसपास. म्हणजे आपण प्रत्येकजण पावशेराच्या आंतबाहेर परकी वस्ती पोटांत वागवीत असतों.

हे बिऱ्हाडकरू आपण न पचविलेलें अन्न आंबवितात. त्यांतून निघतो तो वायु. पण वायु म्हणजे केवळ चुलीचा धूर. चुलीवर शिजतें तें निराळेंच. या आंबवण्यांतून तीन हलकीं आम्लें निर्माण होतात: शिरक्यांत असतें तें ॲसेटिक, दुसरें प्रोपिऑनिक आणि तिसरें ब्यूटिरिक. या तिसऱ्याचें नांव लोण्याच्या लॅटिन नांवावरून पडलें आहे, आणि आपल्या तुपांतहि तें थोडें असतें. मात्र तूप खाल्ल्यानें तें मोठ्या आंतड्यास पोंचतें असें कोणीं समजूं नये. तुपांतील आम्ल वरच्यावर लहान आंतड्यांतच शोषलें जातें. मोठ्या आंतड्याच्या अस्तरांतील पेशी मुख्यतः ब्यूटिरिक आम्लावर जगतात, आणि तें त्यांना जागच्या जागीं जंतूंकडूनच मिळावें लागतें.

जंतूंच्या उपयोगीं पडणाऱ्या अशा अन्नास गिब्सन व रॉबरफ्रॉइड या दोघां शास्त्रज्ञांनीं १९९५ सालीं ‘प्रीबायोटिक’ असें नांव दिलें. आपण त्यास जंतुपोषक अन्न म्हणूं. दहीं-ताक हा प्रकार याहून वेगळा. पॅरिसच्या पाश्चर संस्थेंतील मेचनिकॉफ यांनीं १९०७ सालीं दह्यांतील जंतु दीर्घायुष्यास उपकारक असल्याचें मत मांडलें, तेव्हांपासून दह्याची कीर्ति चालत आली आहे. पण दह्याबरोबर पोटांत जातात ते पाहुणे; चार दिवस राहून निघून जाणारे. जंतुपोषक अन्न हा कायमच्या बिऱ्हाडकरूंचा शिधा. पाहुण्यांस पंचपक्वान्नें आणि घरच्यांस उपास, असा व्यवहार हल्लीं पुष्कळ घरांत चालू आहे.

हा शिधा निसर्गानें किती अगत्याचा मानला आहे याचें प्रमाण मातेच्या दुधांत सांपडतें. आईच्या दुधांत दुग्धशर्करा आणि स्निग्धांश यांच्या खालोखाल जो तिसरा घन भाग असतो, तो विशिष्ट प्रकारच्या शर्करामालिकांचा. आणि त्या बाळाला पचत नाहींत! स्वतःच्या लेंकराला न पचणारा पदार्थ आई आपल्या रक्तामांसांतून तयार करते, तो लेंकराच्या पोटांतील बिफिडोबॅक्टेरियम नांवाच्या जंतूंसाठीं. प्रस्तुत लेखकानें शाळेंत जन्मभर संस्कृत शिकविलें, जीवशास्त्र नव्हे. तरी ही एक गोष्ट वाचल्यावर या विषयावरचें बाकीचें सर्व वाचल्याखेरीज त्यास राहवलें नाहीं.

आतां लठ्ठपणाकडे वळूं. अमेरिकेंतील सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठांत जेफ्री गॉर्डन आणि त्यांचे सहकारी यांनीं कांहीं उंदीर जन्मापासून पूर्णपणें निर्जंतुक स्थितींत वाढविले. हे उंदीर इतरांहून अधिक खात आणि तरी रोड राहत. त्यांच्या पोटांत सामान्य उंदरांच्या आंतड्यांतील जंतु सोडले, तेव्हां दोन आठवड्यांच्या आंत त्यांच्या अंगावरील चरबी सुमारें ६० टक्क्यांनीं वाढली. आणि तीहि त्यांचें खाणें पूर्वीपेक्षां कमी झालें असतां. हें २००४ सालचें. २००६ सालीं असें दिसलें कीं लठ्ठ उंदरांचे जंतु मिळालेले उंदीर, सडपातळ उंदरांचे जंतु मिळालेल्या उंदरांपेक्षां अधिक चरबी धरतात. पुढें २०१३ सालीं याच मंडळींनीं एक लठ्ठ व एक सडपातळ अशा जुळ्या बहिणींच्या जोड्या निवडल्या आणि त्यांच्या पोटांतील जंतु निर्जंतुक उंदरांस दिले. लठ्ठ बहिणीच्या जंतूंनीं उंदरांची चरबी वाढली. सडपातळ बहिणीच्या जंतूंनीं वाढली नाहीं. दोन्ही प्रकारचे उंदीर एकाच पिंजऱ्यांत ठेविले तेव्हां सडपातळांचे जंतु दुसऱ्यांच्या पोटांत शिरले आणि त्यांची चरबी वाढणेंहि थांबलें. पण केव्हां? तर चारा तंतुयुक्त आणि कमी स्निग्ध होता तेव्हांच. चारा तुपकट आणि तंतुहीन दिला असतां शेजार चांगला मिळूनहि ते जंतु रुजले नाहींत. शेजाराइतकेंच शिध्याचेंहि महत्त्व आहे, असा याचा अर्थ.

येथें एखादा चाणाक्ष वाचक विचारील: जंतु आले म्हणजे चरबी वाढते असें एकदां सांगतां, आणि जंतूंस खाऊं घाला म्हणजे चरबी घटते असें लगेच सुचवितां, हें कसें? शंका रास्त आहे. तंतूच्या एका ग्रॅमांतून जंतूंच्या द्वारें आपणांस सुमारें दोन कॅलरी मिळतात. भाताच्या पिठुळ भागांतून चार. म्हणजे तंतु अगदींच निष्फळ नाहीं, पण त्याचें उत्पन्न निम्मेंच. शिवाय वर सांगितलेलीं आम्लें आंतड्याच्या अस्तरांतील कांहीं पेशींस चेतवितात आणि त्या पेशी जी.एल.पी.-१ व पी.वाय.वाय. या नांवांचे स्राव रक्तांत सोडतात. या स्रावांमुळें अन्न पुढें सरकण्याचा वेग मंदावतो, ‘आतां पुरे’ हा निरोप मेंदूस जातो. आणि त्यांतील पहिला रक्तांतील साखर आवरण्यास इन्शुलिनला मदतहि करतो. २०२५ सालीं वजन घटविण्याचीं जीं महागडीं इंजेक्शनें भारताच्या बाजारांत आलीं, तीं याच जी.एल.पी.-१ ची नक्कल करतात. मात्र यावरून उसळीची वाटी आणि इंजेक्शनाची सुई एका पारड्यांत घालणारे जे लोक आहेत, त्यांच्यापासून सावध असावें. शरीरांतील स्राव दोन-चार मिनिटांत विरतो; औषध आठवडाभर टिकतें. दोहोंच्या बळांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे.

मनुष्यांवरील प्रयोगांचे निकाल उंदरांइतके नाट्यमय नाहींत, हेंहि सांगितलें पाहिजे. नेदरलंड्समध्यें २०१२ सालीं सडपातळ पुरुषांचे जंतु स्थूल पुरुषांच्या आंतड्यांत घालून पाहिले. इन्शुलिनचें कार्य सुधारलें, वजन मात्र जेथल्या तेथेंच राहिलें. कॅनडांत कॅल्गरी येथें ७ ते १२ वर्षांच्या स्थूल मुलांस रोज आठ ग्रॅम इन्युलिन १६ आठवडे दिलें. साधी भुकटी मिळालेल्या मुलांच्या मानानें त्यांच्या शरीरांतील चरबीचें प्रमाण घटलें. हा निकाल २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. २०२४ सालीं चीनमधील संशोधकांनीं ३७ स्थूल माणसांस रोज ४० ग्रॅम न पचणारें पीठ आठ आठवडे दिलें आणि सरासरी २.८ किलो वजन उतरलें. आंकडे लहान आहेत, पण दिशा एकच आहे.

या शोधांचा आमच्या लोकांशीं विशेष संबंध आहे, आणि तो समजण्यास पुण्याकडे पाहावें लागतें. तेथील के.ई.एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनीं २००४ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत स्वतःचींच छायाचित्रें शेजारीं शेजारीं छापलीं. दोघांची उंची व वजन यांचें गुणोत्तर अगदीं एक, २२.३. परंतु इंग्रज डॉक्टरांच्या शरीरांत चरबी ९.१ टक्के, तर आपल्या डॉक्टरांच्या शरीरांत २१.२ टक्के! हात-पाय काटकुळे आणि धोतराच्या निऱ्यांवर पोट पुढें, ही मूर्ति आपल्या आळींत कोणास अपरिचित आहे? वजनकांट्यास ती लठ्ठ दिसत नाहीं, म्हणून घरचेहि निर्धास्त असतात. आणि पन्नाशीच्या आंत मधुमेह येतो. म्हणूनच आपल्या लोकांसाठीं स्थूलतेची मर्यादा युरोपीय लोकांहून खालीं, २५ वर, धरतात. आणि कमरेचा घेर पुरुषास ९० व स्त्रीस ८० सेंटिमीटरच्या आंत असावा असें सांगतात.

याज्ञिकांच्या मंडळींनीं पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास १९९३ सालीं सुरू केला. तेथील नवजात अर्भकांचें सरासरी वजन २.७ किलो भरलें. इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या अर्भकांचें ३.५. आपलीं बाळें सर्व बाजूंनीं लहान, पण अंगांतील चरबी त्या मानानें फारशी कमी नाहीं. म्हणजे काटकुळेपणांत लपलेलें हें लठ्ठपण जन्मतःच येतें. त्याच अभ्यासांत असेंहि दिसलें कीं ज्या गर्भवतींच्या आहारांत पालेभाज्या, फळें आणि दूध अधिक वेळां होतें, त्यांचीं बाळें अधिक भरलेलीं निपजलीं. सर्वांचीं पानें झाल्यावर उरलेल्या आमटी-भातावर जेवण उरकणाऱ्या सुना आपल्या घरांतून अजून पुष्कळ आहेत. पालेभाजी तोंवर संपलेली असते. या अभ्यासाचा तो निकाल घरांतील कर्त्या मंडळींनीं एकदां मोठ्यानें वाचावा.

जंतूंचीहि गोष्ट आपल्याकडे थोडी निराळीच दिसते. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रांतील डॉ. योगेश शौचे आणि सहकारी यांनीं २०१२ सालीं सडपातळ, मध्यम, लठ्ठ आणि लठ्ठपणावर शस्त्रक्रिया झालेल्या भारतीयांच्या जंतूंची तुलना प्रसिद्ध केली. लठ्ठांच्या पोटांत बॅक्टेरॉइडीज जातीचे जंतु ठळकपणें आढळले. अमेरिकेंतील आरंभीच्या अहवालांत नेमका हीच जात ज्या वर्गांत मोडते तो वर्ग लठ्ठांमध्यें कमी सांगितला होता. तपासलेलीं माणसें थोडीं होतीं, तेव्हां यावरून सिद्धांत बांधूं नये. पण परदेशांत ठरलेला ‘चांगला जंतु’ आणि ‘वाईट जंतु’ डोळे झांकून आपल्या घरीं आणूं नये, एवढें तरी त्यावरून निश्चित होतें.

मग आपल्याकडे बिघडलें काय? माझें मत असें कीं आपण बिऱ्हाडकरूंचा शिधा बंद केला. कर्जतच्या नांवानें भाताचे कित्येक वाण देशभर प्रसिद्ध आहेत. येथील भात संशोधन केंद्राचें तें श्रेय. पण भात पिकविणें वेगळें आणि तो पांढराशुभ्र होईपर्यंत घासणें वेगळें. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांत शंभर ग्रॅम पांढऱ्या तांदुळांत तंतु २.८ ग्रॅम, न घासलेल्या तांदुळांत ४.४ आणि नागलींत ११ हून अधिक दिले आहेत. अख्ख्या हरभऱ्यांत २५, तर हरभऱ्याच्या डाळींत १५. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं प्रौढ मनुष्यास रोज निदान २५ ग्रॅम तंतु सांगितले आहेत. दोन वेळचा पांढरा भात, वरण, बटाट्याची भाजी आणि चहाबरोबर बिस्किटें, हा हिशेब ज्यानें त्यानें आपल्या घरापुरता करून पाहावा. घाट चढण्यासाठीं मागें इंजिन जोडून घेण्याकरितां पुष्कळ गाड्या कर्जत स्थानकांत थांबतात, तेवढ्या वेळांत किती बटाटेवडे खपतात हें प्रवासी मंडळींस माहीत आहेच. तो हिशेब मी धरीत नाहीं.

पूर्वी येथल्या डोंगरउतारांच्या वरकस जमिनींत नागली आणि वरी होत असे. त्या वरकसांवर आतां शहरवासीयांचीं शेतघरें उभीं आहेत, आणि त्यांच्या स्वयंपाकघरांत सुंदर वेष्टणांतील नागलीचीं बिस्किटें आहेत! त्या बिस्किटांत नागलीपेक्षां मैदा आणि साखर किती, हें वेष्टणाच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत छापलेलें असतें.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत ‘अष्टौनिन्दितीय’ नांवाचा एकविसावा अध्याय आहे. अतिस्थूल आणि अतिकृश यांचा तेथें विचार केला आहे. स्थूलास द्यावयाचें अन्न ‘गुरु’ आणि ‘अपतर्पण’ असावें असें त्यांत सांगितलें आहे, म्हणजे पचावयास जड, पण अंगीं न लागणारें. वरवर पाहतां हीं दोन विशेषणें एकमेकांशीं भांडतात. पण पुढें जीं धान्यें दिलीं आहेत तीं पाहावीं: यव, सांवा, कोद्रव म्हणजे कोकणांतील हरीक, मूग, कुळीथ. सगळीं तंतूंनीं भरलेलीं. यावरून चरकांस जंतु ठाऊक होते असा निष्कर्ष काढणाऱ्यांशीं माझें जुळत नाहीं. त्यांस सूक्ष्मदर्शक ठाऊक नव्हता, जंतुहि नव्हते. त्यांनीं माणसें आणि त्यांचीं ताटें बारकाईनें पाहिलीं, आणि त्या पाहण्याचें कारण दोन हजार वर्षांनीं कळत आहे. यांत त्यांचा मोठेपणा कमी होत नाहीं.

या विषयांतील मला सर्वांत गंभीर वाटलेला प्रयोग अजून सांगावयाचा आहे. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सोनेनबर्ग दांपत्यानें २०१६ सालीं तो प्रसिद्ध केला. मनुष्याचे जंतु पोटांत असलेल्या उंदरांस त्यांनीं तंतुहीन चारा दिला. पहिल्या पिढींत जंतूंच्या पुष्कळ जाती रोडावल्या; चारा पुन्हां सुधारल्यावर त्यांतील बऱ्याच परत आल्या. पण तोच तंतुहीन चारा चार पिढ्या चालू ठेविल्यावर कित्येक जाती कायमच्या नाहींशा झाल्या. मग चारा कितीहि उत्तम दिला तरी परतल्या नाहींत. बाहेरून ते जंतु आणून घातले आणि त्याबरोबर तंतुहि दिले, तेव्हांच वस्ती पुन्हां बसली. पोटांतील जंतु मुख्यतः आईकडून लेंकरास येतात, आणि एका घरांत राहणाऱ्यांत त्यांची देवघेव चालते. म्हणजे आजीच्या पोटांत जें नाहीं तें नातवास कोठून मिळणार? उंदरांचा नियम माणसांस जसाच्या तसा लागू होईल असें कोणी म्हणत नाहीं. तरी ज्या घरांत अद्याप तीन पिढ्या एका चुलीवर जेवतात, त्या घरानें हा प्रयोग विसरतां कामा नये.

आणि हा केवळ खाऊन-पिऊन सुखी लोकांचा प्रश्न नाहीं. आमच्या तालुक्यांतील ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्यांवर कुपोषित मुलें अद्याप आढळतात. गॉर्डन यांनीं ढाका येथील डॉ. तहमीद अहमद यांच्यासह कुपोषित बालकांसाठीं एक मिश्रण तयार केलें, तें जंतूंची वाढ डोळ्यांपुढें ठेवून. त्यांत हरभरा, शेंगदाणा, सोयाबीन आणि कच्चें केळें. १२ ते १८ महिन्यांच्या मुलांस तें तीन महिने दिलें, तेव्हां नेहमीच्या पूरक आहारापेक्षां त्यांत कॅलरी कमी असूनहि मुलांचें वजन अधिक वेगानें वाढलें. हा निकाल २०२१ सालचा. लठ्ठास उतरविणारें आणि रोडक्यास भरविणारें अन्न एकाच कोठींतून निघावें, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

घरांत काय करावें, हें गृहिणींस मीं सांगणें म्हणजे आगाऊपणा होईल. तरी कांहीं गोष्टी नमूद करतों. डाळीऐवजीं आठवड्यांतून चार दिवस अख्ख्या कडधान्याची उसळ करावी. एका वेळेस तरी नागलीची किंवा ज्वारीची भाकरी असावी. कच्च्या केळ्याची भाजी, सुरण, अळू हीं केवळ श्राद्धपक्षाचीं नव्हेत. कांदा-लसूण चातुर्मासांत वर्ज्य करणारीं घरें आहेत. त्यांनीं कांदेनवमीनंतर उसळींचें प्रमाण वाढविलें म्हणजे बिऱ्हाडकरूंचें फारसें अडणार नाहीं. शिळ्या भाताचें हल्लीं मोठें कौतुक चालू आहे. शिजलेला भात थंड झाला म्हणजे त्यांतील पिठाचा कांहीं अंश न पचणारा बनतो हें खरें; पण मोजलेले आंकडे पाहतां ताज्या भातांत शंभर ग्रॅमांस ०.६४ ग्रॅम असलेला तो अंश, फ्रिजमध्यें एक दिवस ठेवून पुन्हां तापविलेल्या भातांत १.६५ इतकाच होतो. तेवढ्यासाठीं रात्रभर उघडा राहिलेला भात खाऊं नये. त्यांत उलट्या घडविणारे जंतु वाढतात व पुन्हां तापविल्यानें त्यांचें विष जात नाहीं. भात उरलाच तर तासा-दोन तासांत झांकून फ्रिजमध्यें ठेवावा. बाजारांत प्रीबायोटिक म्हणून मिळणाऱ्या भुकट्यांतील बराचसा माल चिकोरीच्या मुळांतून काढलेलें इन्युलिन असतो. तो खोटा नव्हे, पण त्यांत एकाच जातीचा शिधा आहे आणि बिऱ्हाडें अनेक जातींचीं.

वायूविषयीं: ज्या पोटास संवय नाहीं त्यास एकदम वाटीभर वाल घालूं नये. दोन चमच्यांपासून आरंभ करावा आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवीत जावें. वस्ती बदलण्यास वेळ लागतो. पाणीहि अधिक प्यावें. वाल रात्रभर भिजवून तें पाणी टाकणें, मोड आणणें आणि मग सोलणें, या आपल्या पद्धतीनें वायु करणाऱ्या शर्करा पुष्कळ कमी होतात, आणि तरी जंतूंपुरत्या उरतात. ज्यांस पोटांत वारंवार कळा येण्याचा किंवा आलटून पालटून जुलाब व बद्धकोष्ठ होण्याचा विकार आहे, त्यांस कांदा, लसूण आणि कडधान्यें यांनीं त्रास वाढूं शकतो. त्यांनीं वैद्यकीय सल्ल्यावांचून हा बदल करूं नये. तसेंच मधुमेहासाठीं गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनीं भात कमी करून उसळ-भाकरी वाढविण्यापूर्वी तें आपल्या डॉक्टरांच्या कानांवर घालावें. साखर उतरूं लागली म्हणजे औषधाची मात्राहि बदलावी लागते.